युद्धातला खजिना मालवणात कसा बुडवावा

दुसऱ्या महायुद्धातलं सोनं, भर समुद्रात बोट आणि बोटीवर फितुरी, असा चित्रपट कोकणात काढायचा म्हणता? काढाच. फक्त इतिहास वाचायच्या भानगडीत पडू नका.

'फोर्ट स्टिकीन'चंच बघा. स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या लगडी, सगळं एकाच बोटीत. पटकथेत असं लिहिलंत तर निर्माता चहासुद्धा न पाजता वाटेला लावील. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ती फुटली आणि एक लगड पार लांबच्या घरात जाऊन पडली. नकाशा नाही, डोळ्याला पट्टी लावलेला म्हातारा नाही, खजिनाच आपण होऊन घरी! मग नायकानं करायचं काय?

'तिलावा' तर नकोच. मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ही बोट 23 नोव्हेंबर 1942 ला जपानी पाणबुडीनं बुडवली. 280 माणसं गेली. 2017 साली तळातून वर आल्या त्या 2,364 चांदीच्या विटा. त्यांच्यावरचा खटला थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माणसं कोणाची होती, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता; तुम्हीही उकरू नका.

त्या काळच्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी असत खरे, पण कॅमेरा त्यांच्या तोंडावर रेंगाळू देऊ नका, सोनं फिकं दिसतं. फारच वाटलं तर एखाद्या सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, संवाद द्या, "साहेब, वादळ येतंय." आणि मध्यंतराआधी त्याला पाण्यात टाका.

फितुरीचा प्रसंग मात्र बंदरावरच्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या कप्तानाला, चुकूनही वाचून दाखवू नका. तो पहिलं विचारील, "सोन्याचे वाटे किती?" मग डिझेल वजा, बर्फ वजा, बोटीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, खलाशांचे वाटे... हिशेबावरून भांडण असं रंगेल की पिस्तूल काढायला खलनायकाला सवडच मिळायची नाही. (तुमच्या तिसऱ्या अंकापेक्षा ते बरं होईल, पण ते असो.)

शूटिंग जून-जुलैत ठेवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, होड्या वाळूवर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या, भाडं कमी. दर्या खवळलेला, म्हणजे वादळाचा खर्चही वाचला. पाण्यात उतरायची परवानगी नाकारली तर मुंबईत टाकी भरा, पाटी लावा 'मालवण, 1942' आणि मागे सिंधुदुर्ग संगणकावर काढून घ्या. काढणाऱ्याला एवढंच बजावा, तटावर मोबाइलचा टॉवर नको.