अर्धं पीठ, हाफ क्लच

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झाले. जन्मभर डोळ्यांसमोर कोऱ्या करकरीत नोटांची चळत, पण त्यातली एकही आपली नाही. त्यामुळे असेल, नोट ही बघायची वस्तू आहे, खर्चायची नाही, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलंय. गाडीत बसले की आधी बेल्ट, मग खिशातली ॲव्हरेजची डायरी चाचपणं, आणि जेल रोड संपायच्या आत पहिला हुकूम.

"जावईबापू, टाका आता चौथा."

वेग ताशी ३५. माझी गाडी दीड लिटरची डिझेल, गिअर हातानं टाकायचे. चौथा टाकला की इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा धाडकन हजारावर येतो. मग गाडीच्या पोटातून गुरगुर सुरू होते, आरसा थरथरतो आणि डॅशबोर्डवरचा गणपती नंदीबैलासारखी मान डोलवू लागतो. नानांना वाटतं, तो त्यांना होकार देतोय. त्यात कंपनीनं काट्यांच्या मधोमध एक हिरवा बाण दिलाय, वरचा गिअर टाका म्हणून सांगणारा. तोही नानांच्याच पक्षात.

बरं, नानांचं म्हणणं सगळंच खोटं नाही, ही खरी पंचाईत. सपाट मोकळा रस्ता असेल आणि पाय हलका असेल तर कमी फेऱ्यांत डिझेल वाचतंच. पण द्वारका चौकातून कुणी हलक्या पायानं गेलाय का? तिथं पुणे रोड येऊन मुंबई-आग्रा हायवेला भिडतो आणि चारी दिशांची वाहनं एकाच फटीत शिरू बघतात. फट दिसली की एक्सलेटर दाबावा, तर चौथ्यातली गाडी म्हणते, "बघू, विचार करून सांगते." तिचं उत्तर येईपर्यंत फटीत रिक्षा.

हा विचार टर्बोचा. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत हवा कोंबणारा पंखा. इंजिन पळालं तर धूर, धूर आला तर पंखा, पंखा फिरला तर हवा, हवा मिळाली तर इंजिन पळणार. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. माझ्या गाडीचं वेड १८०० फेऱ्यांना जातं. त्याच्या खाली ती कुमारी.

नानांपुढे हे एकदा मांडून पाहिलं. ते म्हणाले, "आमच्या मळ्यात विहिरीवर ऑइल इंजिन होतं. दिवसभर टुक टुक टुक. मिनिटाला साडेसहाशे फेरे. त्यानं कधी गचके दिले?"

आता त्या इंजिनाला दोन्ही बाजूंना जात्याच्या दुप्पट चाकं होती. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत ती चाकंच गाडा रेटायची. शिवाय त्याला उपसायचं होतं पाणी. पुढे रिक्षा नव्हती, मागे टँकर नव्हता, शेजारी सासरे नव्हते. डिझेलला प्लगची ठिणगी नसते, हवा १६-१७ पट दाबायची आणि त्या उष्णतेवर पेट घ्यायचा. असे दांडगे ठोके सावकाश बसले की एकेक ठोका दाढेत जाणवतो.

पावसाळ्यात एक पिवळा दिवा लागला. मिस्तरीनं वायर जोडून निदान केलं, "फिल्टरमध्ये काजळी धरलीय. गाडी दबून चालवता का?" २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या, डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत ही काजळीची गाळणी असते. धूर चांगला सहाशे अंशांपर्यंत तापला की ती आपली आपण जळून साफ होते. "हायवेला घ्या. तिसऱ्या-चौथ्यात, दोन हजाराच्या वर ठेवून, वीस मिनिटं हाणा."

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "मग वणीलाच जाऊन येऊ ना." औषध आणि अंगारा एकाच फेरीत. नाना अर्थातच पुढच्या सीटवर.

दिंडोरी रोडला गाडी हाणायची कल्पना ज्याची असेल त्यानं तिथले ट्रॅक्टर पाहिलेले नाहीत. टमाट्याचे क्रेट भरलेली ट्रॉली, ताशी १५. नाना खूश. "बघा, त्याला काही घाई आहे का?"

नांदुरीपासून गडाचा घाट. सप्तशृंगी साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ, आणि त्या चढाला माझाही क्लच अर्धाच. मी दुसऱ्यात होतो, वेग २५, काटा अठराशेवर, गाडी कशी गाणं म्हणत चालली होती. नानांना ते गाणं सोसेना. "किती रेस करताय! तिसरा टाका." टाकला. सासरे आहेत शेवटी. काटा अकराशेवर घसरला, गणपती डोलला, आणि वळणावर पुढची एसटी थांबली. गाडीनं तीन आचके दिले आणि बंद पडली.

मागे जीप, जीपच्या मागे आणखी जीप, सगळ्यांचे हॉर्न. हँडब्रेक, स्टार्टर, क्लच अर्धा, पुन्हा बंद. पुन्हा. कडेनं अनवाणी चढणारी एक खानदेशी आजी थांबली, बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "तिले दम खाऊ दे रे भाऊ." आख्ख्या प्रवासात इंजिनाची बाजू घेणारं ते एकमेव माणूस. तेवढ्यात जळका वास सुटला. नाना काच खाली करून म्हणाले, "कुणाचातरी क्लच जळतोय."

वर देवीसमोर हात जोडले. अठरा भुजा! एक हात स्टिअरिंगला, एक गिअरला, एक हँडब्रेकला, एक नानांचा हात बाजूला सारायला. तरी चौदा शिल्लक. मला फार हेवा वाटला.

उतरताना हुकूम आला, "न्यूट्रल करा, फुकटात जाईल." गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर आजकालच्या इंजिनात डिझेल सोडणंच बंद होतं, न्यूट्रलमध्ये उलट ते चालू ठेवायला जळत राहतं, हे मी त्यांना सात वळणं समजावलं. आठव्या वळणावर ते झोपले होते. मी दुसरा टाकला. घाट संपून रस्ता मोकळा मिळाला तसा तिसऱ्यात काटा अडीच हजारावर ठेवला. वणी मागे पडल्यावर कधीतरी पिवळा दिवा विझला. नाना घोरत होते, मी त्यांना उठवलं नाही.

नाशिकरोडला पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. नानांनी डायरी काढली, चष्मा लावला, मांडीवर हिशेब केला. मी हळूच डोकावलो. १४२ किलोमीटर, ९.१ लिटर, ॲव्हरेज १५.६. पुढे 'कमी येण्याचे कारण' असा रकाना होता. त्यात त्यांनी नोटेवरच्या नंबरासारख्या सुबक अक्षरात लिहिलं: जावई.