‘आठवड्याला २० तास’ हा कुठला हिशेब?

गेला महिनाभर कोल्हापुरातल्या पूल (टेबलावर काठीनं बॉल पॉकेटात घालायचा खेळ) खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या एकानं तर दोनदा. मजकूर थोडक्यात असा: हात टिकवायचा तर आठवड्याला २० तास टेबल पाहिजेच. तास भरले पाहिजेत, मग एका रविवारी बसून भरा नाहीतर रोज. १० हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो, हा नियम शास्त्रानं सिद्ध केलाय. ड्रिल (एकच शॉट पुन्हा पुन्हा घोटणं) म्हणजे पोरखेळ, खरा सराव मॅचमध्येच. आणि शेवटी टोला: ‘पैलवान रोज मेहनत करतो, तुम्ही काय करता?’

आधी पैशाचं बोलू. मी खेळतो तिथं टेबल तासाला १५० रुपये. २० तासांचे आठवड्याला ३ हजार, महिन्याला १२ हजार. एवढे पैसे घालायचे तर निदान उपयोग तरी व्हावा.

तो होत नाही, कारण मेसेजवाल्यानं खेळ वाढवणं आणि खेळ टिकवणं यांची खिचडी केलीय. ज्याला स्पर्धा मारायच्या आहेत त्यानं २० काय, ३० तास खेळावं. पण दहा वर्षं खेळलेल्या माणसाचा हात आठ दिवसांत सुटत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझं टेबल कित्येक महिने बंद होतं. परत गेलो त्या दिवशी सरळ बॉल बऱ्यापैकी पडत होते. गेलं होतं ते पांढऱ्याचं, म्हणजे ज्याला काठी मारतो त्या बॉलचं, वजन: किती जोर लावला की तो कुठं थांबेल याचा अंदाज. आठ नंबर मधल्या पॉकेटात गेला, आणि पांढरा जिथं थांबायचा तिथून हातभर पुढं जाऊन कोपऱ्यात पडला. शेजारच्या टेबलावरचं पोरगं म्हणालं, “काका, व्हाईटबी घालायची होती व्हय?” आठवड्यात तीनदा, दर खेपेला तासभर, असं खेळून तीन आठवड्यांत वजन परत आलं.

आता तास वाढवल्यानं काय होतं ते बघा. ९ फुटी टेबल, बॉल पॉकेटपासून ४ फुटांवर, पांढरा त्याच्या मागं आणखी ४ फूट, सगळं एका रेषेत. पॉकेटचं तोंड साडेचार इंच, बॉल सव्वादोन इंचाचा. कागदावर मांडून बघितलं, तर बॉलवर आदळताना पांढरा रेषेच्या एका बाजूला जेमतेम १.३ मिलिमीटर सरकलेला चालतो. त्यापुढं बॉल पॉकेटच्या कडेला. दमलेल्या हाताला एवढी बारीक चूक कळत नाही. माझं कोपर तिसऱ्या तासाला बाहेर पडायला लागतं, आणि त्यानंतरचा प्रत्येक शॉट तो वाकडा स्ट्रोक पक्का करतो.

(पावसाळ्यात तर ‘हात गेला’ म्हणून रडूच नका. जुलैत कापड दमट होतं, बॉल रखडतो. टेबल बदललेलं असतं, हात नव्हे.)

रविवारी सगळे तास एकदम उरकायची सूचना त्याहून वाईट. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये बॅडली आणि लाँगमन या दोघा संशोधकांनी टपाल खात्याच्या माणसांना कीबोर्ड शिकवताना त्यांचे गट पाडले. कुणाला दिवसाला एकच तास, कुणाला दोन-दोन तासांची दोन सत्रं. एकूण सर्वांत कमी तासांत शिकला तो रोज एक तासवाला गट. गंमत अशी की सर्वांत नाराजही तेच होते, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागं पडतोय असं त्यांना वाटायचं. कीबोर्ड म्हणजे क्यू (पूलची काठी) नव्हे, हे मान्य. पण २० तासवाल्या मेसेजनं आपल्याला जी टोचणी लागते ती हीच.

१० हजार तासांचं दोन वाक्यांत सांगतो. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला, त्यात सर्वांत चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती. सरासरी म्हणजे किमान अट नव्हे, आणि त्याचा नियम आपण कधी केलाच नाही असं एरिक्सन स्वतःच सांगत राहिले.

‘खरा सराव मॅचमध्येच’ हे मीही मानायचो. एकदा मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसलो. जिंकेल तो टेबलावर, असे आम्ही चौघं. तासाभरात माझा क्यू टेबलावर होता अकरा मिनिटं. बाकी वेळ चहा, चॉक आणि दुसऱ्याच्या चुका काढणं. मॅच खेळावी, दडपण तिथंच कळतं. पण तो तास सरावात धरू नये.

आणि टेबलाशिवायही हात चालू ठेवता येतो. आपल्या जिल्ह्यानं तेजस्विनी सावंत दिली, नेमबाजीतली २०१० ची जगज्जेती. स्वप्नील कुसाळे दिला, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता. नेमबाज गोळी न घालता नुसती नेम धरून चाप ओढायची तालीम करतात. तसं रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवा आणि क्यूचं टोक तोंडातून आतबाहेर करा. काचेला टोक लागलं की टक्कन वाजतं. रोज दहा मिनिटं, फुकट.

राहिला पैलवान. तालमीत वस्ताद पोरांना दिवसभर नुसत्या कुस्त्या लढवत नाही, एकेक डाव घोटून घेतो. मेसेजवाला ज्याला पोरखेळ म्हणतो तो हाच. शिवाय पैलवानाला दम आणि ताकद राखायची असते, ती मेहनत सुटली की उतरते. पूलमध्ये छातीचा भाता लागत नाही.

माझं सध्याचं गणित मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी सव्वा तास. पहिली वीस मिनिटं नुसते स्टॉप शॉट: एक फूट, दोन फूट, चार फूट. पांढरा जागीच थांबला तर पुढं, हलला तर परत पहिल्यापासून. मग ब्रेक करून (पहिल्या फटक्यानं मांडलेले बॉल फोडून) एकट्यानं नऊ बॉल उतरवायचे. पावणेचार तासांत आठवडा भागतो, वर आहे ती बाटली.

ज्यानं मला तो मेसेज दोनदा पाठवला, तो स्वतः रविवारी दोन तास खेळतो. तेही कुणी टेबलाचे पैसे देणारा भेटला तर.