स्टोन्स झोपले कधी होते, की जागे झाले?

'हॅकनी डायमंड्स' हा रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा अल्बम 20 ऑक्टोबर 2023 ला आला आणि त्याच्या पाठोपाठ एक गोष्ट फिरायला लागली. अजून फिरतेच आहे. थोडक्यात अशी: 1981 च्या 'टॅटू यू'नंतर स्टोन्सचा फॉर्म गेला. पुढची चाळीस वर्षं नुसते दौरे आणि तिकीटविक्री. मग ड्रमर चार्ली वॉट्स गेला, म्हाताऱ्यांना जाग आली, एका तरुण निर्मात्याने त्यांची धूळ झटकली, बड्या पाहुण्यांनी हात दिला, आणि ऐंशीच्या घरात गडी पुन्हा फॉर्मात आले.

अल्बम मला आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. भांडण या गोष्टीशी आहे. ऐकायला ती छान आहे, पण तिचा एकेक सांधा ढिला आहे.

मोजपट्टीपासूनच सुरुवात करू. ज्या 'टॅटू यू'ला शेवटचा खरा फॉर्म म्हणतात, तो अल्बम झाला कसा? 1981 मध्ये दौरा ठरला होता आणि हातात नवा अल्बम नव्हता. ध्वनिमुद्रणाचं काम बघणारा ख्रिस किमसी जुन्या टेपांच्या ढिगात शिरला आणि अर्धवट सोडलेली गाणी उकरून काढू लागला. 'स्टार्ट मी अप' निघालं 1978 च्या पॅरिसमधल्या टेपांतून. तिथे ते रेगेच्या चालीत घोळवून घोळवून टाकून दिलं होतं. आज सगळं जग ज्यावर नाचतं ते रॉकचं रूप त्या ढिगात जवळजवळ हरवलेलं होतं. 'स्लेव्ह' आणि 'वरीड अबाउट यू' ही 1975 ची, रॉटरडॅमची. 'टॉप्स' आणि 'वेटिंग ऑन अ फ्रेंड' तर 1972 ची, जमैकातल्या किंग्स्टनची. 'टॉप्स'वर गिटार आहे मिक टेलरची, आणि टेलरने बँड सोडला 1974 मध्ये! त्यावर गायक मिक जॅगरने नवे शब्द बसवले, सनी रोलिन्सने सॅक्सोफोन वाजवला, नवं मिक्सिंग झालं आणि अल्बम उभा राहिला.

म्हणजे ही फोडणीची पोळी. फोडणीची पोळी उत्तम लागते, मी स्वतः दोनदा वाढून घेतो. पण आज सकाळी स्वयंपाक झाला होता याचा पुरावा म्हणून ती दाखवता येत नाही. 1981 मध्ये स्टोन्स काय फॉर्मात होते, हे 'टॅटू यू' ऐकून कळत नाही. कळतं ते एवढंच, की नऊ वर्षांत या लोकांनी केवढं चांगलं काम अर्धवट टाकलं होतं. ही गाणी अर्धवट टाकण्याची खोड लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आता त्या चाळीस वर्षांच्या झोपेकडे येऊ. 1986 चा 'डर्टी वर्क' मीही परत लावत नाही, तेव्हा तो ज्याला हवा त्याने घ्यावा. पण 1994 च्या 'व्हूडू लाउंज'ला 1995 मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं, आणि ते पारितोषिक त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं. 'हॅकनी डायमंड्स'ला 2025 मध्ये मिळालं तेही हेच. फॉर्म परतल्याचा दाखला म्हणून जे ग्रॅमी नाचवलं जातं, ते झोपेतही एकदा मिळालं होतं. (ग्रॅमीवरून संगीत जोखावं असं माझं मत नाही; पण समोरचा ते पुढे करतो म्हणून सांगितलं.) 1997 च्या 'ब्रिजेस टू बॅबिलॉन'चं शेवटचं गाणं 'हाउ कॅन आय स्टॉप' गिटारवादक कीथ रिचर्ड्सने गायलंय, आणि शेवटाकडे वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन वर चढतो तेव्हा खाली चार्ली जे काही करतो, ते झोपलेल्या माणसाचं काम नव्हे. 2005 च्या 'अ बिगर बँग'मध्ये 'बॅक ऑफ माय हँड' आहे. त्यात स्लाइड गिटार (तारांवर नळी घसरवत वाजवतात ती) खुद्द जॅगरने वाजवली आहे, आणि ती ऐकून चाट पडायला होतं. 2003 च्या एप्रिलमध्ये हे लोक मुंबईत ब्रेबॉर्नवर वाजवून गेले, तेही याच तथाकथित सुप्तावस्थेत.

मग हे अल्बम ऐकताना जीव थकतो तो का? माझ्या मते कारण अगदी रुक्ष आहे. एलपीच्या, म्हणजे जुन्या तबकडीच्या, दोन बाजूंवर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मावायची, त्यामुळे गाळणं भाग होतं. सीडी आली आणि गाळण सुटली. 'व्हूडू लाउंज' पंधरा गाण्यांचा, 'अ बिगर बँग' सोळा गाण्यांचा, दोन्ही तासाच्या वर. दोन्हींतली चार-पाच गाणी काढून टाका आणि मग बोला. 'हॅकनी डायमंड्स'मध्ये बारा गाणी आहेत, सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटांची. त्याला फॉर्म म्हणा नाहीतर कात्री म्हणा.

झोपेच्या गोष्टीचा निकाल लावणारा पुरावा मात्र वेगळाच आहे. डिसेंबर 2015 मध्ये बँड लंडनमधल्या चिझिकच्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत नवी गाणी करायला जमला. नवं काही जुळेना. तेव्हा हात मोकळे करायला म्हणून लिटल वॉल्टरचं एक जुनं ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत) गाणं घेतलं. ते जमलं. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. तीन दिवसांत बारा गाण्यांचा अल्बम तयार, 'ब्लू अँड लोनसम', आणि शेजारच्या स्टुडिओत काम करत असलेला गिटारवादक एरिक क्लॅप्टन दोन गाण्यांत वाजवून गेला. हा अल्बम लावून जॅगरचा माउथऑर्गन ऐका आणि मग फॉर्मबद्दल बोलू. तीन दिवस! पण त्यावर त्यांचं स्वतःचं एकही गाणं नाही.

खरी गोम इथे आहे. हात शाबूत होते, कान शाबूत होते. स्वतःची नवी गाणी कडेला लागत नव्हती. 2005 ते 2023 या अठरा वर्षांत स्वतःच्या नव्या गाण्यांचा एकही अल्बम निघाला नाही, तो त्यामुळे. फॉर्म जाणं हे क्रिकेटमधलं बोलणं. फलंदाज उतरतो, चार धावांत परत येतो, पुढच्या सामन्यात पुन्हा तेच, तेव्हा म्हणायचं फॉर्म गेला. पॅड बांधून अठरा वर्षं पॅव्हेलियनमध्ये बसलेल्याला तो शब्द लावत नाहीत.

मग बदललं काय? तारीख ठरली. जॅगरनेच ते मुलाखतींत सांगितलंय: कीथला म्हटलं, 2023 च्या व्हॅलेंटाइन डेपर्यंत हे संपवायचं. 2022 च्या डिसेंबरात भराभर ध्वनिमुद्रण झालं, जानेवारीत उरलंसुरलं, फेब्रुवारीत मिक्सिंग. ज्यांना कधी अंतिम तारखेशिवाय काम करावं लागलंय, त्यांना यात जादू दिसणार नाही.

तरुण निर्मात्याचा मुद्दा यातूनच अर्धा सुटतो. अँड्र्यू वॉट (चार्ली वॉट्सशी त्याचं नातं नाही, आडनावं जवळपास आहेत इतकंच) अल्बम आला त्या दिवशी 33 वर्षांचा झाला. कामाला येताना रोज वेगळा स्टोन्सचा टी-शर्ट घालून यायचा, म्हणजे भक्तच. त्याने घाई केली, लोकांना हलवलं, हे श्रेय त्याचंच. बारापैकी तीन गाण्यांत, 'अँग्री', 'गेट क्लोज' आणि 'डिपेंडिंग ऑन यू', लेखक म्हणूनही त्याचं नाव आहे. पण अल्बममधलं जे मला खुपतं, तेही त्याच्याच खात्यात जातं. 'अँग्री' हेडफोनवर ऐका: सगळं एकाच पातळीवर दाबून भरलंय, गिटारींमधून वाऱ्याला जागा नाही. कीथची पाच तारांची गिटार, सहावी तार काढून 'ओपन जी'त (नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजेल अशी) लावलेली, ही अशी चीज आहे की तिच्यात न वाजलेल्या जागा वाजलेल्यांइतक्याच महत्त्वाच्या. इथे त्या जागा लिंपून टाकल्या आहेत. धूळ झटकता झटकता थोडा रंगही उडाला, असं माझं म्हणणं.

पाहुण्यांचं फार लांबवत नाही. पॉल मॅकार्टनीने 'बाइट माय हेड ऑफ'वर बास वाजवला, एल्टन जॉनने दोन गाण्यांत पियानो, 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन'वर लेडी गागा गायली आणि स्टीव्ही वंडर कीबोर्डवर आहे. बरं मग? स्टोन्सच्याच 1969 च्या 'गिमी शेल्टर'मधून पाहुणी गायिका मेरी क्लेटनचा आवाज काढून बघा काय उरतं. निकी हॉपकिन्सचा पियानो, बॉबी कीजचा सॅक्सोफोन, बिली प्रेस्टनचा ऑर्गन, राय कूडरची स्लाइड: स्टोन्सच्या घरात पाहुणे कायमच जेवायला असायचे. उलट एल्टन जॉनसारखा माणूस बोलावून त्याला गर्दीत मागे बसवायचं, हे जुन्या स्टोन्ससारखंच झालं.

चार्लीच्या जाण्याने जाग आली, हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. चार्ली 24 ऑगस्ट 2021 ला गेला. पण 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड' या दोन गाण्यांत तोच वाजवतोय. म्हणजे तो असतानाच नव्या अल्बमचं काम चालू होतं, फक्त संपत नव्हतं; तीच जुनी खोड. 'मेस इट अप'मध्ये त्याची एक लकब स्पष्ट ऐकू येते. बहुतेक ड्रमर उजव्या हाताने हाय-हॅट (झांजांची जोडी) सलग ठोकत राहतात. चार्ली दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) पडतो त्या क्षणी, उजवा हात उचलून घेतो. त्यामुळे स्नेअर एकटा, उघडा पडतो आणि ठेका किंचित अडखळल्यासारखा पुढे जातो. बाकी दहांपैकी नऊ गाण्यांत स्टीव्ह जॉर्डन आहे. त्याचा हात जास्त भक्कम, जास्त सरळ. तो कोणी परका नाही: 1988 पासून कीथच्या स्वतंत्र बँडचा माणूस, आणि आपल्या जागी तोच असावा असं चार्लीनेच सुचवलं होतं. 'लिव्ह बाय द स्वोर्ड'वर बास आहे बिल वायमनचा, ज्याने तीस वर्षांपूर्वी बँड सोडला होता.

उरलं दहावं. अल्बमचं शेवटचं गाणं, 'रोलिंग स्टोन ब्लूज', ब्लूज गायक मडी वॉटर्सचं 1950 चं. त्यावरून बँडचं नाव पडलं: 1962 मध्ये फोनवर नाव विचारलं गेलं, तेव्हा बँडचा तेव्हाचा गिटारवादक ब्रायन जोन्सची नजर जमिनीवर पडलेल्या मडी वॉटर्सच्या रेकॉर्डवर गेली. फिरत्या गोष्टीचा शेवट इथेच करतात, की बघा, गडी मुळाकडे परतले. पण इतक्या वर्षांत हे गाणं त्यांनी आपल्या कुठल्याच स्टुडिओ अल्बमवर घेतलं नव्हतं. ड्रम नाहीत, बास नाही, एकही पाहुणा नाही. कीथची गिटार, जॅगरचा आवाज आणि माउथऑर्गन. आवाज जागोजागी खरखरतो, गिटार एखाददुसरी जागा उशिरा घेते, आणि वॉटने ते तसंच राहू दिलंय. अल्बम मी परत लावतो तो बहुतेकदा इथून, उलटा.