लाजरेपणा म्हणजे माणूसघाणेपणा नाही
लाजाळू माणसाला लोक नकोच असतात असं एका लेखात लिहिलेलं वाचलं, ते अजिबात पटलं नाही, उलट त्याला लोक हवे असतात पण समोरचा काय म्हणेल या धास्तीने तोंडातून शब्द फुटत नाही. मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डोने १९७०च्या दशकात अमेरिकेत सर्व्हे केला त्यात साधारण ४० टक्के लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटलं होतं, म्हणजे हे काही जगावेगळं नाहीये. माझी भाची घरात दिवसभर बडबडते पण पाहुणे आले की आईच्या ओढणीआड, आणि मग सगळे सुरू, अगं कविता म्हणून दाखव ना, लाजतेस काय एवढी! कान लालबुंद होतात तिचे. नका हो करू असं पोरांना. अर्धा तास कोणी काही विचारलं नाही तर स्वतःहून चित्रांची वही आणून दाखवते, पण तेवढा दम कोणाला धरवतच नाही.