सरासरी सपाट

माझा सायकलवाला मित्र कधीही खोटं बोलत नाही, आणि त्याच्याबरोबर लांबच्या प्रवासाला जाण्यातली मुख्य अडचण तीच आहे. खोटं बोलणाऱ्याचं पितळ निदान उघडं पाडता येतं. याचे आकडे तपासायला जावं तर ते दरवेळी बरोबर निघतात आणि चूक ठरतात त्या आपल्या पोटऱ्या.

निघण्याआधी मी विचारलं होतं, "रस्ता कसा आहे?"

"जिथून निघतोय आणि जिथे पोचायचंय, दोन्ही एकाच उंचीवर. म्हणजे हिशेबाने चढ शून्य."

मधल्या १०० किलोमीटरमध्ये रस्ता १२०० मीटर चढतो आणि तेवढाच उतरतो, हे त्याने सांगितलं नाही, कारण मी तसं विचारलं नव्हतं. वर म्हणाला, "बीआरएमवाल्यांना, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला गाठणाऱ्या सायकलवाल्यांना, २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास देतात. आपल्याला निम्मं अंतर आणि अख्खा दिवस!" हेही बरोबर. फक्त ती माणसं सायकलला तंबू बांधून निघत नाहीत.

पॅडवाली चड्डी मी त्याच्याच सांगण्यावरून घेतली होती. तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, कारण आतली शिवण घासून घासून कातडी सोलते, ही माहिती त्याने पहिल्या थांब्यावर दिली. तीही मी सायकलवरून कसा उतरलो ते पाहून. त्या विषयावर आणखी लिहिणं प्रशस्त दिसणार नाही.

पहिल्या मोठ्या चढाला आम्ही उन्हं वर आल्यावर लागलो. "दहा टक्केच आहे," तो म्हणाला. परीक्षेत दहा टक्के मिळवणाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून माझाही गैरसमज झाला. रस्त्याचे दहा टक्के म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १० मीटर वर. लदलेल्या सायकलवर हे म्हणजे काय, ते सर्वात हलका गिअर पडल्यावर कळतं. पाय भिंगरीसारखे फिरतात आणि शेजारचा दगड मात्र शेजारीच राहतो. शेवटी मी उतरलो आणि ढकलायला लागलो. मित्र शेजारून हळूहळू पुढे जात म्हणाला, "१८१७ साली कार्ल फॉन ड्राइसने पहिली दुचाकी काढली ना, तिला पायडलच नव्हतं. पायाने जमीन रेटत जायचं." इतिहास सांगण्याइतका श्वास या माणसाकडे शिल्लक होता, याचाच मला जास्त राग आला.

माथ्यावरून पुढे वारा लागला. समोरून. सायकलवाल्यांना मागून येणारा वारा माहीत नसतो. मागून आला की ते त्याला स्वतःची तयारी म्हणतात. "ताशी वीसचा तर आहे," मित्र म्हणाला. ताशी वीसने जाणाऱ्या माणसाला समोरून वीसचा वारा आला की हवा चाळिसाच्या वेगाने अंगावर येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग दुप्पट तर विरोध चौपट. हेही त्यानेच सांगितलं, आणि उपायही सांगितला. एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकाला चिकटून आडोसा घ्यायचा. मागच्याचे कष्ट चांगलेच वाचतात. पाळीपाळीने पाच-पाच किलोमीटर, अगदी समान वाटणी.

आता ही समान वाटणी पाहा. त्याची पाळी उताराला आली. वारा असूनही ताशी चाळीसने त्याने पाच किलोमीटर साडेसात मिनिटांत संपवले. मग माझी पाळी आली आणि रस्ता वर वळला. ताशी आठने मला तेवढ्याच अंतराला साडेसदतीस मिनिटं लागली. अंतर समान, यात वादच नाही. आणि तो पुढे असताना माझा निसर्ग काय होता? त्याची पाठ. चाकाला चिकटून राहायचं तर नजर हलवता येत नाही. डावीकडे तळं होतं म्हणे. मला त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशातून लोंबणारी केळ्याची साल तेवढी आठवते.

मी मनातल्या मनात चढावर आठ, उतारावर चाळीस, म्हणजे सरासरी चोवीस असा हिशेब मांडून खूश होतो. त्याने तोही मोडला. दहा किलोमीटरला एकूण पाऊण तास लागला, म्हणजे सरासरी तेरा पूर्णांक तीन. चढावर घालवलेला वेळ उतार कधीच परत देत नाही. हे त्याने चढावर सांगितलं.

पंक्चर अर्थातच माझ्या चाकाला झालं. टायर उतरवून आतून बोट फिरवायचं, काटा शोधायचा, नाहीतर तोच काटा नवीन ट्यूबचाही समाचार घेतो. हे सगळं मी बधिर बोटांनी केलं, कारण हँडल धरून धरून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट केव्हाच रजेवर गेलं होतं. ("तळव्यातली नस दबते. होतं बरं आपोआप.") ट्यूब बसवली आणि विचारलं, "पंप आहे ना?"

"आहे."

पंप होता. तो बारीक व्हॉल्वचा होता आणि माझ्या ट्यूबचा व्हॉल्व जाड. मी नुसता त्याच्याकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, "डनलपने १८८८ मध्ये हवेचा टायर काढला तो मुलाच्या तीनचाकीसाठी. पेशाने गुरांचा डॉक्टर होता, बरं का." त्या क्षणी मला गुरांच्या डॉक्टरची गरज वाटत होती, पण माझ्यासाठी नाही. शेवटी सायकलवरून चाललेल्या एका शाळकरी मुलीने तिचा पंप दिला आणि आम्ही हवा भरेपर्यंत आमच्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

उशिरा दुपारी पायांतलं तेल संपलं. स्नायूंत साठवलेली साखर संपते तेव्हा भूक लागत नाही, थेट वैराग्य येतं. मी रस्त्याच्या कडेला बसून जाहीर केलं की मी आता इथेच राहणार आहे. मित्राने शेवटचं केळं बरोबर मध्यावर मोडलं आणि अर्धं मला दिलं. नंतर, जरा थांबून, स्वतःचं अर्धंही दिलं. याला हिशेबात कुठे बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

अंधार पडता पडता मुक्कामाला पोचलो. खोली दुसऱ्या मजल्यावर होती. "सहाच मीटर वर," मित्र म्हणाला. मी जिन्याच्या पहिल्या पायरीचा कठडा धरून उभा राहिलो आणि दिवसभरात पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारला, "टक्के किती?"

त्याने पायरीची उंची वितीने मोजली, तिची पुढून मागे रुंदी मोजली, ओठ हलवून भागाकार केला.

"साठ," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर हात ठेवून खालच्याच पायरीवर बसला. "सामान काढ. तंबू आहे आपल्याकडे."