संगमरवरावरील लिंबाच्या उपायाबाबत खुलासा

संगमरवरी देवघरावरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबू किंवा व्हिनेगरने घासल्यास फेस येऊन दगड उजळतो, असा संदेश सोलापुरात फिरत आहे. तो चुकीचा आहे. क्षारांचा तो थर आणि संगमरवर दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असल्यामुळे, जे आम्ल डाग विरघळवते तेच दगडाची झिलईही खाते, आणि तो फेस म्हणजे त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांतील शहाबादी फरशीही चुनखडीचीच असते, तेव्हा तिलाही हेच लागू आहे. कृपया हा प्रयोग करू नका. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून दगड लगेच कोरडा करावा. समईच्या तेलाचा डाग खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप रात्रभर ठेवल्यास फिका होतो. आम्लाने गेलेली झिलई मात्र पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही.