वीस रुपयांच्या वाढीसाठी दीड तास आरडाओरडा

काल आमच्या वाचनालयाची आमसभा झाली, माझं डोकं अजून ठणकतंय. ठराव एकच होता: महिन्याची वर्गणी वीसची चाळीस करायची. त्यावर दीड तास नुसता गोंधळ! "ही संस्था आहे का दुकान?" असं मला, कोषाध्यक्षाला, तोंडावर विचारून राहिले.

आणि सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? आजीव सभासदांचा. यांनी 1995 साली एकदाच 501 रुपये भरले. तेव्हा एफडीवर बारा टक्के मिळत होते, म्हणजे वर्षाचे साठ रुपये. आज साडेसहा टक्के धरा, साडेबत्तीस रुपये. वर्षाचे! एका मराठी पेपरचं एका महिन्याचं बिल त्यात निघत नाही, आणि इथे टेबलावर चार पेपर लागतात. एखाद्या दिवशी एक आला नाही तर पहिला फोन यांचाच.

बरं, ते 501 तरी जागेवर आहेत का? आजीव वर्गणी कायम निधीत ठेवायची असते, फक्त व्याज खर्चायचं असतं. आधीच्या एका कार्यकारिणीने एफडी मोडून स्लॅबची गळती काढली. गळती काढायलाच हवी होती, पण निधी परत भरायचं कोणाच्या मनातही आलं नाही. ताळेबंदात तो खड्डा दरवर्षी दिसतो. वाचतो कोण? आमसभेत "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि चिवड्याच्या प्लेटकडे वळतात.

खर्च मात्र थांबत नाही. ऑडिट आहे. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, त्याला वकील. बारा-ए, म्हणजे संस्थेला आयकरात सूट देणारी नोंदणी, पूर्वी एकदाच करावी लागायची, 2021 पासून मुदत संपली की नूतनीकरण. मे महिन्यात नागपूरचं ऊन पंचेचाळीसला जातं, कूलरच्या ताट्या बदलल्याशिवाय आत बसवत नाही. पंपही गेलाय. दुपारी अभ्यासाला येणारे पोट्टे ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसतात हो! त्यातली दोन पोरं काल मागच्या बाकावर होती. चाळीस द्यायला ती तयार होती, पण त्यांना कोणी बोलूच दिलं नाही.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला. म्हणजे एक वर्ष गेलं.

पेपरवाल्याचं दोन महिन्यांचं बिल आत्ता माझ्या खिशात आहे. गेल्या वर्षी असंच थकलं तेव्हा मी पेन्शनमधून भरलं, कोणाला सांगितलंही नाही. यंदा भरणार नाही. उद्या बिल नोटीस बोर्डावर लावतो, आणि शेजारी आजीव सभासदांची यादी.